तिरफळाचं कालवण वाचताना

तिरफळ कालवणात घालतात, पण खात नाहीत. भातात आलेलं तिरफळ बोटाने बाजूला सारून ताटाच्या कडेला ठेवायचं, हे कोकणात आणि गोव्यात मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. एकदा दाताखाली आलं की पुढच्या घासापासून बोटं आपणहून चाचपायला लागतात. तमालपत्र, दालचिनी, वेलदोड्याची सालंही आपण अशीच बाजूला काढतो. पण त्यांच्या असण्या-नसण्यावरून पदार्थाची पारख होत नाही. बांगड्याचं कालवण झाकणाखालून दरवळायला लागलं की घरातलं कुणीतरी विचारतंच, "तिरफळं घातलीस ना?" ज्याची एवढी चौकशी, तेच जेवण संपल्यावर ताटाच्या कडेला उरलेलं असतं.

हा मसाला मला सगळ्या मसाल्यांत प्रिय आहे. का, हे सांगायला निव्वळ त्याची चव सांगून भागत नाही. ज्या कालवणात तो पडतो ते कसं रचलेलं आहे, त्यात काय घातलं आहे आणि काय घातलेलं नाही, हे ओळीओळीने पाहावं लागतं. कवितेचं रसग्रहण करताना आपण शब्दांबरोबर शब्दांमधल्या मोकळ्या जागाही पाहतो. या कालवणात त्या मोकळ्या जागा फार आहेत, आणि त्या कुणीतरी जाणून ठेवलेल्या आहेत असं मला दर वेळी वाटतं.

आधी तिरफळ एकटं पाहू. बी काढून टाकलेलं एक सुकं तिरफळ दातांखाली हलकेच चावावं. पहिल्यांदा येतो तो वास, संत्रं सोलताना सालीतून उडणाऱ्या तुषारांचा. त्याच्यामागे किंचित लाकडी, सुक्या पानांसारखं काहीतरी. मग क्षणभर कडवटपणा. त्यानंतर थोडा वेळ काहीच होत नाही, आणि आपल्याला वाटतं एवढंच असेल. तेवढ्यात जिभेच्या टोकावर आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला मुंग्या येऊ लागतात. झणझण वाढत जाते, तोंडाला पाणी सुटतं, जीभ जागच्या जागी थरथरल्यासारखी वाटते. मिरचीसारखी आग होत नाही, पुदिन्यासारखा गारवाही येत नाही. अशा तोंडाने घोटभर पाणी प्यायलं तर ते पाणीसुद्धा ओळखीचं लागत नाही.

आपल्या परंपरेने जिभेचे सहा रस मोजले: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. तिरफळाला यातल्या कुठल्या घरात बसवायचं? तिखटात बसवलं तर मिरी-मिरचीशी त्याचं काही जुळत नाही. कडूत बसवलं तर तो कडवटपणा क्षणाचा. माझं मत असं की तिरफळ ही मुळात चव नाहीच, तो स्पर्श आहे. जीभ जशी चाखते तशी ती चाचपतेही, हे आपण एरवी विसरलेलो असतो. तिरफळ ते आठवून देतं.

हे माझं मत असलं तरी त्याला शास्त्राचा आधार आहे. तिरफळाच्या प्रजातीतल्या झाडांच्या फळांत सॅन्शूल गटातली द्रव्यं असतात. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतं, म्हणून तिखट आपल्याला 'जळतं'. सॅन्शूल स्पर्श ओळखणाऱ्या तंतूंनाही चाळवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2013 साली तिरफळाच्या चिनी भावंडावर, म्हणजे सिचुआन मिरीवर, एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांच्या ओठांना ती मिरी लावली, बोटाच्या टोकाला यंत्राने कंपनं दिली, आणि ओठांवरची झणझण कुठल्या कंपनाशी जुळते ते विचारलं. उत्तर आलं सेकंदाला साधारण 50 कंपनं. प्रत्यक्षात ओठ हललेले नसतात, पण मेंदूला ते हलल्याचं कळतं. आजीच्या हातची आमटी जेवून ओठांवरून पुन्हा पुन्हा जीभ फिरवणाऱ्या माणसाला हे वाचून जो आनंद होतो, तो मला झाला.

आता कालवण. चार-पाच मध्यम बांगडे, वाटीभर ओलं खोबरं, भिजवलेल्या आठ-दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद, चिंचेचं छोटं बुटुक किंवा चार-पाच आमसुलं, मीठ, आणि दहा-बारा तिरफळं. कुणी वाटणात थोडा कच्चा कांदा घालतं, कुणी दोन-चार मिरीदाणे. यादी इथेच संपते. गोव्यात याला हुमण म्हणतात. खोबरं कमी करून, मिरची वाढवून घट्टसर केलं की मालवणीत त्याचं तिखलं होतं. दोन्हींत तिरफळाचं काम तेच.

या यादीत काय नाही ते पाहा. फोडणी नाही. परतलेला कांदा नाही, भाजलेलं खोबरं नाही. आलं-लसूण नाही. गरम मसाला नाही, टोमॅटो नाही, वरून कोथिंबीर नाही. घाटावरच्या स्वयंपाकात ज्या वासांनी पदार्थ 'झाला' असं कळतं, ते सगळे इथे मुद्दाम बाहेर ठेवलेले आहेत. हे साधेपण गरिबीतून आलं असेल असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. याच घरांत कोंबडीच्या सागोतीला खोबरं खरपूस भाजतात, लवंग-बडीशेप-दगडफूल सगळं पडतं. म्हणजे भाजणं माहीत आहे, मसाले घरात आहेत, तरी बांगड्यापाशी हात आवरलेला आहे. लसूण घातली की लसणीचा वास पुढे येतो आणि तिरफळाचा तो संत्रसालीसारखा वास मागे दडपला जातो. खोबरं भाजलं की त्याचा खमंगपणा जिभेवर बसून राहतो. कच्चं खोबरं गोडसर आणि शांत असतं, आणि अशा पाटीवरच तिरफळाची बारीक अक्षरं उमटतात.

ब्याडगीच का, याचंही उत्तर इथेच आहे. ब्याडगी रंग भरपूर देते आणि तिखटपणा बेताचा. जहाल मिरचीने जीभ पोळली तर तिच्यावरची बारीक थरथर कळणारच नाही. लालभडक दिसणारं हे कालवण तोंडात मात्र सौम्य लागतं. डोळ्यांना मिरचीची अपेक्षा लावून जिभेला तिरफळाची भेट घडवायची, ही या पदार्थाची सगळ्यांत देखणी युक्ती आहे.

वाटण मात्र गंधासारखं बारीक हवं. भरड वाटणात खोबऱ्याचा चोथा जिभेवर रेंगाळतो, आणि जिथे सगळा खेळ स्पर्शाचा तिथे तो चोथा खुपतो. वाटण मातीच्या कुंडल्यात किंवा टोपात पाण्याने सारखं करून उकळायला ठेवायचं. इकडे तिरफळं फोडून त्यातल्या काळ्या चकचकीत बिया काढून टाकायच्या. बीला ना वास ना झणझण, दाताखाली नुसती कचकच. सारं काही सालीत आहे. ही टरफलं खलबत्त्यात एक-दोन ठोके देऊन चेचायची, चार चमचे पाण्यात थोडा वेळ ठेवायची आणि पाण्यासकट कालवणात ओतायची. मग मीठ, मग बांगडे. त्यानंतर डाव घालायचा नाही, टोप दोन्ही कानांना धरून गोल हलवायचा. पाच-सात मिनिटांत बांगडा शिजतो. आच बंद करताना वरून चमचाभर कच्चं खोबरेल, आणि झाकण. हे झाकण लगेच उघडू नये, एवढी माझी कळकळीची विनंती. तिरफळाचा वास उडून जाणाऱ्या तेलांत असतो. फोडणीत टाकलं तर तो तेलाच्या वाफेबरोबर छपराला लागतो आणि खाली कडवटपणा उरतो. उकळत्या रसात, झाकणाखाली, तो रसातच मुरतो.

आमच्या घरात यावर एक वाद होता, आणि तो बहुतेक किनाऱ्यावरच्या घराघरांत असेल. तिरफळं चेचायची की वाटणात वाटायची? गोव्यातल्या काही घरांत ती वाटणाबरोबरच शेवटी पाट्यावर फिरवतात. माझ्या आत्याचं मात्र एकच पालुपद असे: "तिरफळां वाटू नको गो, नुसती चेच." मी आत्याच्या बाजूचा आहे. वाटलेलं तिरफळ प्रत्येक घासात सारखंच लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या घासानंतर जीभ त्याला सरावते आणि कडवटपणा तेवढा राहतो. चेचलेलं तिरफळ रसात आपला वास सोडतं, पण मुख्य ठिणगी स्वतःपाशी ठेवतं. त्यामुळे एखाद्या घासात ते जवळून जातं, एखाद्यात नसतंच, आणि एखाद्यात चुकून दाताखाली येऊन सगळं तोंड झणझणून सोडतं. जेवण असं वर-खाली होत राहतं. सारख्या पसरलेल्या चवीपेक्षा ही अनिश्चितता मला अधिक रसाळ वाटते. मालवणी मसाल्यातही काही घरांत तिरफळ भाजून दळतात. तिथे ते पंधरा-वीस जिनसांच्या गर्दीत हरवतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांगडाच का? तारली, पेडवे यांनाही तिरफळ लागतं. पापलेटला, कोलंबीला सहसा लागत नाही. या वाटणीमागे अनुभवाचं शहाणपण आहे. बांगडा, तारली हे तेलकट, काळसर मांसाचे मासे. त्यांच्या चरबीत गोडी आहे, आणि त्याच चरबीला हवा लागली की उग्र वास सुटतो. ताजा बांगडासुद्धा थोडा उग्र असतोच. चिंच-आमसुलाचा आंबटपणा तो उग्रपणा कापतो, तिरफळाची लिंबूवर्गी तेलं त्याच्यावरून फिरतात आणि शिवाय जिभेवरचा तेलकट थर झणझणीने मोडून काढतात. पापलेटच्या नाजूक मांसात असं मोडून काढण्यासारखं काही नाही, तिथे तिरफळ म्हणजे आगाऊपणा. चांगला मसाला कुठे घालायचा नाही हे ज्या स्वयंपाकाला कळतं, तो स्वयंपाक पिकलेला आहे असं समजावं.

आणि हे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं, हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. रात्रभर टरफलं रसात मुरतात, सकाळी ते थोडं आटवलं की खोबरं तेल सोडतं आणि तिरफळाचा कडवटपणा जाऊन वास गोलसर होतो. उकड्या तांदळाची पेज, तिच्यावर हे आटलेलं कालवण. पहिल्या दिवशी तिरफळ पाहुण्यासारखं येऊन जातं, दुसऱ्या दिवशी ते घरचं झालेलं असतं.

तिरफळ म्हटलं की मासा, असं पुण्या-मुंबईकडच्या पुष्कळांना वाटतं. पण त्याचं वर्ष पाहिलं तर सुरुवात शाकाहाराने होते. याचं झाड पश्चिम घाटाच्या उतारांवर, कोकणापासून गोवा-कारवारच्या पुढेपर्यंत वाढतं. लिंबू, बेल, कवठ, कढीलिंब ज्या कुळातले त्याच कुळातलं हे. सालीवरचे तेलाचे बारीक ठिपके पाहिले की लिंबाशी असलेलं नातं लगेच पटतं. खोडावर जाड बुडाचे शंकूसारखे काटे, त्यामुळे चढायची सोय नाही. लांब काठीला आकडी बांधून घोस ओढावे लागतात. हिरवे घोस पावसाच्या उत्तरार्धात बाजारात दिसू लागतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अळूच्या जुड्या, आंबाडे, कणगी यांच्या शेजारी या घोसांचे ढीग मांडलेले असतात. तेव्हा कित्येक घरांत श्रावण पाळलेला असतो, पुढे चवथ, म्हणजे गणपती. मासा बंद. त्यामुळे नव्या, हिरव्यागार तिरफळाची पहिली मानकरी भाजी असते, खतखतें.

खतखत्यात सुरण, कणगी, रताळं, अळकुड्या, कच्ची केळी, मक्याच्या कणसाचे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, मुळा, दोडका, असेल ते आणि निघेल ते पडतं. निदान पाच भाज्या हव्यातच, पुढे हौस असेल तितक्या. तूरडाळीबरोबर त्या शिजतात, खोबऱ्याचं लाल वाटण पडतं, गूळ पडतो, आंबाडे किंवा सोलं पडतात आणि शेवटी चेचलेली हिरवी तिरफळं. इथेही फोडणी नाही. इतक्या कंदांचा एकच पिठूळ, गोडसर लगदा व्हायची भीती असते. तिरफळ नसेल तर तसंच होतं. ते पडलं की प्रत्येक कंद पुन्हा वेगळा लागायला लागतो: रताळं गोड, सुरण मातीचा, केळं तुरट. इथे कापायला मासळीची चरबी नाही. इथे ते जिभेला जागं ठेवतं, आणि जागी जीभ भाज्या वेगळ्या ओळखते. माझ्या मते तिरफळाचं सर्वांत समंजस रूप खतखत्यातच आहे, आणि तिरफळाला माशाचा मसाला म्हणणाऱ्यांनी ते एकदा जेवून पाहावं. गणपती गेले, मासे पुन्हा घरात आले, की मग तीच तिरफळं बांगड्याकडे वळतात. जून-जुलैच्या बंदीनंतर होड्या समुद्रात गेलेल्या असतात आणि बांगडाही तेव्हा चांगला मिळू लागतो.

जगात तिरफळाची भावंडं पुष्कळ आहेत. नेपाळात टिमूर आहे, तो लोणच्या-चटण्यांत जातो. जपानात सान्शो आहे, तो भाजलेल्या वाममाशावर भुरभुरतात. उत्तर सुमात्रातले बाटाक लोक आंदालिमान वापरतात. सगळ्यांत गाजलेली अर्थात चीनच्या सिचुआन प्रांतातली मिरी. तिथे ती मिरचीच्या बरोबरीने, मूठमूठभर, गरम तेलात पडते, आणि बधिर करणं व तिखट लागणं या दोहोंची जोडी हेच त्या स्वयंपाकाचं ब्रीद आहे. मी ते जेवण आवडीने जेवतो. पण शेजारी ठेवून पाहिलं की आपल्या तिरफळाचा स्वभाव अधिक स्वच्छ दिसतो. सिचुआनमध्ये झणझण हा सोहळा आहे, जेवणाराला ती भोगायची असते. कोकणात ती आडून येते, बांगड्याच्या आणि खोबऱ्याच्या मागे उभी राहते. एक स्वयंपाक जिभेला व्यापतो, दुसरा तिला नुसता स्पर्श करतो. सिचुआन मिरी लिंबूवर्गीय झाडांवरचा कँकर रोग पसरवेल या भीतीने अमेरिकेत 1968 ते 2005 तिच्या आयातीवर बंदी होती. आज मात्र मोठ्या शहरांतल्या उपाहारगृहांत तिचं नाव अभिमानाने छापलेलं असतं. आपल्याच किनाऱ्यावरचं भावंड मात्र देशावरच्या वाण्याला अजून नीट ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

घरी करून पाहायचं असेल तर तिरफळ मिळवणं हीच पहिली पायरी. दादर-गिरगावातल्या कोकणी मालाच्या दुकानांत आणि लालबागच्या मसाल्याच्या बाजारात ते मिळतं. पिशवीतलं एक टरफल चिमटीत चुरून वास घ्यावा. संत्रसालीचा वास चटकन आला पाहिजे. लाकडाचा भुसा हुंगल्यासारखं वाटलं तर ते जुनं आहे, घेऊ नये. बिया आधीच काढलेल्या असतील तर उत्तम. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवलं तर ते पुढच्या हंगामापर्यंत निभावतं, त्यापुढे नुसता रंग राहतो. पूड करून ठेवू नये. हिरवे घोस मिळाले तर थोडे तसेच डीप फ्रीजरमध्ये टाकावे, बाकीचे उन्हात घालावे. चांगलं ऊन मिळालं की साल आपोआप उकलते आणि बी सुटी होते. प्रमाण पहिल्यांदा कमीच धरावं, चार बांगड्यांना सहा-सात तिरफळं. तोंडाला ओळख झाली की वाढवता येतं.

शेवटचं सांगणं कोकणात ज्यांची जमीन आहे त्यांना. आंबा-काजूची कलमं लावण्यासाठी जागा साफ करताना काट्यांचं झाड आधी तोडलं जातं, आणि तिरफळाला आंब्याइतका भाव नाही. कुंपणाच्या कडेला एखादं तिरफळ असेल तर ते राहू द्या. एका घराला एक झाड पुरून उरतं.